आवडते पुस्तक आणि आपली जागा

'तुमचे सर्वांत आवडते पुस्तक कोणते?' हा प्रश्न वरवर पाहता निरुपद्रवी आहे. ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी, वाचक मेळाव्यात, मुलाखतीच्या शेवटी तो हमखास विचारला जातो आणि त्याची उत्तरेही बहुतेक ठरलेली असतात. मराठी मुसलमान वाचकाला मात्र हा प्रश्न विचारला की त्याच्या उत्तराकडे दोन्ही बाजूंनी कान टवकारलेले असतात. त्याने एखादे उर्दू पुस्तक सांगितले, तर 'म्हणजे मराठी यांची नव्हेच' असा निष्कर्ष निघतो. त्याने मराठी पुस्तक सांगितले, तर घरातलेच कुणी विचारते, 'आपल्या माणसाचे एकही पुस्तक आठवले नाही का?' आवड ही खासगी गोष्ट असते असे म्हणतात. आपल्या बाबतीत तिच्याकडे साक्ष म्हणून पाहिले जाते. म्हणूनच या प्रश्नाला घाईने उत्तर देऊन चालत नाही आणि त्याला टाळूनही चालत नाही.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवतो. या प्रश्नाला 'कुरआन शरीफ' असे उत्तर देण्याची आपल्यात पद्धत आहे. त्यामागची श्रद्धा खरी आहे. पण श्रद्धेचा ग्रंथ आवडीनिवडीच्या रांगेत उभा करणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याने त्या ग्रंथाचाही मान राहत नाही आणि प्रश्नही सुटत नाही. आवडते पुस्तक ते, ज्याच्याशी आपल्याला भांडता येते. ज्यातले उणे दिसते, बोलून दाखवता येते आणि तरीही जे हातातून सुटत नाही. या अर्थाने पुस्तक माणसाने लिहिलेलेच असावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, पुस्तक आवडण्यासाठी लेखक आपल्या जमातीचा असलाच पाहिजे, ही अटही मी मानत नाही. मुसलमान माणसाने मराठीत लिहिणे हे काही आजचे नव्हे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तेव्हा कुणी त्यांच्याकडे मराठीचा दाखला मागितला नव्हता. हा वारसा आपला आहे आणि तो अभिमानाने सांगावा. पण लेखकाचे नाव बघून आवड ठरवू लागलो, तर उद्या दुसऱ्याने आपले नाव बघून आपले पुस्तक खाली ठेवले, तर त्याला बोल लावायला तोंड राहणार नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे सातारा आणि सांगली ही एकाच घरातून वेगळी झालेली भावंडे. या दोन जिल्ह्यांच्या मातीने मराठीला जी पुस्तके दिली, त्यांतूनच निवड करायची म्हटली तरी पेच सुटत नाही. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे. १९५९ हे एकच वर्ष घेतले, तर खांडेकरांची 'ययाति' आणि अण्णा भाऊंची 'फकिरा' त्याच वर्षी वाचकांसमोर आली आणि 'फकिरा'ला प्रस्तावना लिहिली ती खांडेकरांनीच.

'ययाति'ला पुढे ज्ञानपीठ मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. आपल्याकडे तिच्याविषयी बोलताना 'ती पुराणातली गोष्ट, आपल्याला कशी जवळची वाटणार' असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. भोगाची न संपणारी हाव ही कुणा एका धर्माची गोष्ट नव्हे. माझी अडचण वेगळी आहे. 'ययाति'तली माणसे वेगवेगळी असली तरी बोलतात ती सगळी खांडेकरांसारखी. देवयानी असो, शर्मिष्ठा असो की ययाति असो, प्रत्येकाच्या तोंडी तेच नटलेले, सुभाषितांनी भरलेले गद्य आहे. ते वाचताना मान डोलते. पण कुठल्या गावात, कुठल्या उन्हात ही माणसे बोलत आहेत, हे कळत नाही. विचार म्हणून ती कादंबरी मोठी आहे, पण तिथे राहायला जावे असे वाटत नाही.

'फकिरा'ची गोष्ट निराळी. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या वस्तीसाठी धान्य लुटणारा, इंग्रजांचा खजिना फोडणारा आणि शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःला सरकारच्या हवाली करणारा हा मांग तरुण मराठी कादंबरीला आधी ठाऊकच नव्हता. अण्णा भाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. आपल्या वाचकाला तर तिच्या नावापासूनच जवळीक वाटते. फकिरा, पिराजी ही नावे आपल्या भागात मांगाच्या, महाराच्या, धनगराच्या, मराठ्याच्या घरात सर्रास आढळतात. पिराला नवस बोलावा आणि झालेल्या मुलाला त्याचे नाव ठेवावे, ही इथल्या आयाबायांची रीत. म्हणजे मराठीतल्या एका थोर बंडखोर नायकाच्या नावातच एक दर्गा आहे. आपण त्याचा फारसा उच्चार करत नाही, तो करायला हवा.

तरीही 'फकिरा' माझ्याकडे दुसऱ्या क्रमांकावर राहते. ती नायकाची कादंबरी आहे. तिच्यातला फकिरा घोड्यावर स्वार झाला की वाचकाचा ऊर भरून येतो. पण बहुतेक माणसांच्या वाट्याला घोडा येत नाही. त्यांच्या वाट्याला येते ती शेजाऱ्यांमध्ये राहण्याची, उसने मागण्याची, बोलणी खाण्याची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच माणसांत वावरण्याची रोजची कसरत. आपल्या गावोगावच्या मुलाणी, तांबोळी, बागवान, शिकलगार, अत्तार मंडळींचे आयुष्य हे याच कसरतीचे आहे. त्या आयुष्याचे पुस्तक म्हणून मी 'बनगरवाडी'चे नाव घेतो.

१९५५ साली आलेली ही छोटीशी कादंबरी. गोष्ट सांगायला घेतली तर चार वाक्यांत संपते. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर एक कोवळ्या वयाचा मास्तर नेमला जातो. शाळा आहे, पण पोरे नाहीत. म्हातारा कारभारी मदतीला येतो, शाळा भरू लागते, हळूहळू मास्तर वाडीचा होतो, सगळ्यांच्या हातभाराने तालीम उभी राहते. मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरची बदली होते. इतकेच. खलनायक नाही, क्रांती नाही, लेखकाचे प्रवचन नाही.

या कादंबरीचा भूगोलच सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना बांधून ठेवतो. औंध आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे आणि त्या संस्थानातली आटपाडी सांगली जिल्ह्यात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि १९३९ साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना अमलात आणली. हे एवढेसे संस्थान उजाड माळावरच्या वाडीतही शाळा चालवू पाहत होते. 'बनगरवाडी'तला राजा तालमीच्या उद्घाटनाला वाडीवर येतो तो प्रसंग वाचताना हे ध्यानात ठेवावे. तो माडगूळकरांनी कल्पनेने रंगवलेला चमत्कार नाही, एका खऱ्या राज्यकारभाराची सावली त्यावर आहे.

पण मी हे पुस्तक निवडतो ते आयबूमुळे. आयबू हा वाडीतला मुसलमान पोरगा. तो मास्तरच्या सोबतीला राहतो, त्याच्या हाताखाली राबतो, त्याचा एकटेपणा हलका करतो. कादंबरीत त्याचा प्रवेश होतो तेव्हा ढोल वाजत नाही. 'पाहा, आता एक मुसलमान पात्र येत आहे, त्याच्याकडे सहानुभूतीने बघा' अशी सूचना लेखक देत नाही. शेकू धनगर आहे, आनंदा रामोशी आहे, दादू बालट्या आहे, तसा आयबू आहे. त्याचा धर्म हा कथानकाचा प्रश्न होत नाही. त्याला चांगुलपणाचा पुतळाही केलेले नाही आणि संशयाचा विषयही केलेले नाही.

ही गोष्ट किरकोळ वाटेल. ती किती दुर्मीळ आहे हे कळण्यासाठी मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या कुठल्याही माणसाला विचारावे. इतिहासाच्या पुस्तकात प्रतापगडाचा धडा आला की वर्गातली काही डोकी आपल्या बाकाकडे वळतात आणि आपले डोके वहीत जाते. लोकप्रिय ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना तोच प्रकार. त्या आपणही रात्र रात्र जागून वाचलेल्या असतात, त्यांतल्या शौर्याने आपलाही श्वास रोखला गेलेला असतो, पण त्यांतल्या बहुतेकींत आपल्या नावाचा माणूस तटाच्या पलीकडेच उभा असतो. सामाजिक कादंबरीत यावे, तर आपल्यासाठी ठरावीक चार-दोन कामे राखून ठेवलेली: इमानी नोकर, दर्दी गवई, दिलदार पठाण, नाही तर गुंड. आयबू यांपैकी कुणीच नाही. तो वाडीतला एक आहे, एवढेच त्याचे काम.

हे माडगूळकरांना अवचित साधले असे नाही. 'बनगरवाडी'च्या आधी, १९४९ साली, त्यांचे 'माणदेशी माणसं' आले. त्याची नुसती अनुक्रमणिका वाचावी. धर्मा रामोशी, शिदा चांभार, गणा महार, शिवा माळी, रघू कारकून यांच्या मांडीला मांडी लावून 'मुलाण्याचा बकस' बसला आहे आणि 'तांबोळ्याची खाला'ही आहे. गावाने माणसाला ज्या नावाने हाक मारली, त्याच नावाने लेखकाने त्याला पुस्तकात घेतले. आणि 'खाला' हा शब्द पाहा. आपल्या घरातला, आपल्या दखनी बोलीतला शब्द एका मराठी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत उघड्या माथ्याने बसला आहे. त्याला अवतरण चिन्हांची मखर नाही, पुढे 'म्हणजे मावशी' असा खुलासा नाही. १९४९ सालच्या, फाळणीला जेमतेम दोन वर्षे झालेल्या काळातल्या मराठी वाचकाला हा शब्द समजेल, अशी त्या लेखकाला खात्री होती. आज आपले लेखक स्वतःच्या कथेत 'खाला', 'फुफू', 'दुल्हाभाई' लिहिताना तळटीप द्यावी की काय, या विचाराने अडखळतात. मध्यंतरीच्या काळात काय हरवले, हे मोजायला एवढे माप पुरे आहे.

लेखनाच्या दृष्टीनेही 'बनगरवाडी' मला पुन्हा पुन्हा शिकवत आली आहे. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी. एका बैलावर शेत नांगरता येत नाही म्हणून शेकूची बायको दुसऱ्या बाजूने जुवाला खांदा लावते, हा प्रसंग दुसऱ्या लेखकाने दहा पाने रडून लिहिला असता. माडगूळकर तो पाहिल्यासारखा सांगतात आणि पुढे जातात. रडायचे की नाही, हे वाचकावर सोडतात. कारभारी आणि मास्तर यांच्यात अंजीवरून गैरसमज होतो, तेव्हाही लेखक कुणाची बाजू घेत नाही. माणूस प्रेमळही असतो आणि त्याच दिवशी हट्टीही होतो, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या अलीकडच्या पुष्कळशा लेखनात दुःख खरे असते, पण ते सांगण्याची घाई इतकी असते की माणूस दिसायच्या आधी अन्याय दिसतो. आधी माणूस दिसू द्यावा, हे या पुस्तकाकडून घेण्यासारखे आहे.

आता भांडणाचा भाग. आयबू मला दिसतो, पण तो कसा दिसतो? मास्तरच्या डोळ्यांनी. तो मास्तरसोबत असतो तेवढाच तो पुस्तकात असतो. त्याच्यामागची नातीगोती कादंबरी उलगडत नाही. वाडीवर जत्रा-सणांचे दिवस येतात, पण आयबूची ईद वाडीत कशी होत असेल, तो एकटाच नमाजाला कुठे जात असेल, रमजानात धनगरांच्या घरची भाकरी तो कुठल्या वेळी खात असेल, घरात कुणी असते तर तो त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलला असता, यांतले काहीही आपल्याला कळत नाही. अंजी कारभाऱ्याची लेक आहे, शेकूला बायको आहे. आयबूला फक्त मास्तर आहे. आणि मास्तर बदली होऊन जाणार असतो. दुष्काळात वाडी उठते, त्या वेळी माझ्या मनात येणारा पहिला प्रश्न 'मास्तर आता कुठे जाईल' हा नसतो. 'आयबूचे काय?' हा असतो. कादंबरीला तो प्रश्न तितका महत्त्वाचा वाटत नाही.

म्हणजे या पुस्तकात आपल्याला अंगण मिळाले, ओटा मिळाला, पंगतीत पान मिळाले. आतली खोली मात्र मिळाली नाही. याबद्दल माडगूळकरांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या ओट्यावरून जेवढे दिसले, तेवढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. न दिसलेले दिसले असे भासवले नाही, हा त्यांचा गुणच. पण आतली खोली कुणी तरी लिहायला हवी होती. हमीद दलवाईंच्या 'इंधन' या १९६५ सालच्या कादंबरीत ती आहे. दलवाईंच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकांचे मतभेद आहेत आणि ते मतभेद लपवण्याचे कारण नाही. पण कोकणातल्या मुसलमान घरातला बाप, भाऊ, तिथली भांडणे, तिथली घुसमट मराठीत इतक्या आतून आधी आली नव्हती, हे मान्य करावेच लागते. कोकणातल्या घराला अशी कादंबरी मिळाली. माणदेशातल्या, कृष्णाकाठच्या, वाई-कराडकडच्या घरांना तिच्या तोडीची कादंबरी अजून मिळालेली नाही.

आज हे सांगण्याची निकड आहे, ती केवळ वाङ्मयीन नाही. २००९ सालच्या गणेशोत्सवात मिरजेत अफझलखानवधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली आणि तिची झळ सांगलीपर्यंत पोचली. २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, म्हणजे औंधच्या शेजारच्याच गावात, समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला. त्यात एक तरुण जिवानिशी गेला. ज्या संस्थानाच्या मुलखात आयबू धनगरांच्या वाडीत कुणाच्या डोळ्यांत न येता राहत होता, त्याच मुलखात हे घडले. 'बनगरवाडी'चा राम देशमुखांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'भिंती नसलेले गाव' असा होतो. आज ते नाव वाचताना घशात आवंढा येतो.

मी काही असे म्हणत नाही की जुने गाव म्हणजे स्वर्ग होता. त्या गावात महारवाडा वेगळा होता, मांगवाडा वेगळा होता. अण्णा भाऊंची सगळी साक्ष त्याच गावाविरुद्ध आहे आणि शंकरराव खरातांनी आपल्या आत्मकथनात जी आटपाडी दाखवली आहे, ती माडगूळकरांच्या आटपाडीहून फार वेगळी आहे. भिंती होत्याच. पण गावाला शेजारधर्माची एक भाषा येत होती. कडेगावला मोहरमचे उंच ताबूत आजही हिंदू-मुसलमान मिळून उभे करतात, त्या भाषेतले ते एक वाक्य आहे. वर्षातून एकदा ते उच्चारले जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि उरलेले वर्ष आपण दुसरीच भाषा बोलतो. पुस्तकाचे तसे नसते. ते कपाटात बाराही महिने असते आणि कुणाच्याही हाती देता येते.

माझी कसोटी अखेर तीच आहे. सर्वांत आवडते पुस्तक कोणते? जे मी माझ्या मुलाच्या हाती देऊ शकतो आणि त्याच दिवशी शेजारच्या घरातल्या मुलाच्याही हाती देऊ शकतो, आणि ते वाचून झाल्यावर दोघांना एकमेकांसमोर बसून बोलता येते. प्रतापगडाचा धडा वाचून माझा मुलगा मान खाली घालणार असेल, तर त्यापुढे मला असे पुस्तक ठेवता आले पाहिजे, ज्यात तो मान वर करून वावरतो. 'ययाति' दोघांनाही देता येईल, पण त्यात दोघांचेही गाव नाही. 'फकिरा' दोघांनाही द्यावी, ती दोघांचाही कणा ताठ करील. 'इंधन' दोघे जरा मोठे झाल्यावर द्यावी. पण पहिले पुस्तक म्हणून मी 'बनगरवाडी'च देईन आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारीन: वाडी उठली त्या दिवशी आयबू कुठे गेला असेल?

सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये २०१७ पासून पुस्तकांचे गाव वसले आहे. तिथे घराघरांतून साहित्यप्रकारानुसार पुस्तके मांडलेली असतात आणि कुणीही आत जाऊन वाचू शकतो. ही कल्पना मला आवडते. मात्र आपल्या घरचे जे पुस्तक अजून लिहिलेच गेले नाही, ते कुठल्या घरात शोधायचे? मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ चालते, संमेलने होतात, ठराव होतात, मराठी साहित्यात आपले चित्रण नाही म्हणून तक्रारी होतात. त्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. पण आटपाडी, खानापूर, दहिवडी, विटा या भागांतल्या मुलाण्यांच्या, तांबोळ्यांच्या घरांत शिकलेली तिसरी पिढी आज मास्तर, तलाठी, वकील, नर्स म्हणून काम करते आहे. बकसची आणि खालाची नातवंडे ती हीच. त्यांना आजीची दखनी येते, शाळेतली मराठी येते आणि माळावरचा दुष्काळही ठाऊक आहे. माडगूळकरांना ओट्यावरून जे दिसले नाही, ते त्यांना घरात बसून दिसते.

अंगण लिहून झाले, त्याला सत्तर वर्षे होऊन गेली. ते अंगण अजून स्वच्छ आहे, बसायला बोलावते. आतली खोली लिहायचे काम माडगूळकरांचे नव्हते. ते या नातवंडांचे आहे. ती कादंबरी लिहिली जाईल तेव्हा माझे आवडते पुस्तक बदलले तरी मला वाईट वाटणार नाही. तोवर माझे उत्तर 'बनगरवाडी' हेच आहे.